सातबाऱ्याबाहेरचा माणूस

कोकणातल्या कष्टकऱ्याला सरकार कधी दिल्लीत दिसलंच नाही. त्याचं सरकार म्हंजे खोत. राबायचं कुळानं आणि खळ्यावरचं धान न्यायचं खोतानं. वरचं इंग्रज सरकार याच खोताच्या खांद्यावर बसलेलं.

हे सरकार पाडायला अलिबागजवळचं चरी गाव उठलं. १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली कुळांनी नांगर खाली ठेवले. २५ गावं सामील झाली. जमिनी पडीक, पोटं उपाशी, तरी संप १९३९ पर्यंत टिकला. बाबासाहेब १९३४ साली चरीला गेले. १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करायचं विधेयक मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिलवर धडकला. त्यात कुणबी आणि महार खांद्याला खांदा लावून चालले. विधेयक पास झालं नाही. पण १९३९ ला कूळ कायदा आला आणि १९४९ च्या कायद्यानं खोती गेली. एका दिवसात नाय पडली. सोळा वर्षं लागली.

मी हे सीबीडी बेलापूरला लिहितोय. इथं सिडकोची मोठी इमारत आहे. १९७० साली सिडको आली आणि ठाणे, पनवेल, उरणच्या ९५ गावांची जमीन सरकारनं नव्या शहरासाठी घ्यायला घेतली. वर नवा खोत बसला, कागदाचा. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरणचे शेतकरी उठले. गोळीबार झाला. पाच जण हुतात्मा झाले. सरकार पडलं नाही, वाकलं. पुढं साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना आली.

या हुतात्म्यांपुढं मान खाली घालूनच मी पुढचं विचारतो. त्या साडेबारा टक्क्यांचं माप कशाचं? गेलेल्या जमिनीचं. जास्त गेली त्याला जास्त मिळाली. मग ज्याचं नाव सातबाऱ्यावर कधी चढूच दिलं नाही, जो दुसऱ्याच्या बांधावर राबला, त्याचा घाम कुठल्या तलाठ्यानं मोजला?

खोत पाडणं अर्धं काम. जमिनीवर नाव नसलेल्याला माणूस म्हणून मोजायला लावणं, हे उरलेलं अर्धं. तुमच्या गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा, कोण कुणाच्या शेतात राबलं. ते लिहून काढा. तो आपला सातबारा.

जयभीम.