नास्तिक कोणाला म्हणावे?



आमची आई वारली तेव्हा आम्ही तेरवी केली नाही, पिंड दिला नाही. सूतगिरणीत पाळी बदलताना एक सोबती म्हणाला, "तुम्ही तर पक्के नास्तिक निघाले!" शब्द शिवीसारखा होता. आम्हाला उत्तर देता आले नाही. शाळा आमची थोडीच. पण मग मिळेल ते पुस्तक वाचत गेलो. त्यातून जे समजले ते इथे मांडतो.

मनुस्मृतीने वेदाची निंदा करणाऱ्याला नास्तिक ठरवले. म्हणजे देव मानता की नाही, हा प्रश्नच नव्हता. वेद मानता की नाही, एवढेच पाहिले. म्हणून चार्वाक, जैन आणि बौद्ध हे तिघेही नास्तिक ठरले.

अडीच हजार वर्षांपूर्वी मगध देशात सहा नामांकित आचार्य होते. त्यांत एक अजित केसकंबल. केसांचे कांबळे पांघरायचा म्हणून हे नाव. तो सांगे, माणूस पृथ्वी, आप, तेज, वायू या चार भूतांचा बनलेला आहे. मेला की चारही आपापल्या जागी जातात. यज्ञाला फळ नाही, दानाला फळ नाही. यज्ञात जनावरे कापली जात त्या काळात असे उघड बोलायला छाती लागते, बरं का!

पण तो पुढे म्हणाला, चांगल्या-वाईट कर्मालाही फळ नाही. इथेच घोटाळा झाला. अजातशत्रू राजाने बापाला, बिंबिसाराला, मारले होते. मनाला चैन नव्हते. तो या आचार्यांकडे गेला. श्रमण होण्याचे याच जन्मी दिसणारे फळ काय, असे त्याने विचारले. अजिताने आपले मतच ऐकवले. आंब्याचे विचारावे आणि दुसऱ्याच फळाचे सांगावे, तसे झाले, असे राजाने पुढे जीवकाच्या आमराईत भगवंतांना सांगितले. आपला गुन्हाही त्याने तिथेच कबूल केला. ही हकीकत दीघनिकायात आहे.

त्याच ग्रंथात पायासी नावाचा सत्ताधारी येतो. त्याने चोराला जिवंत रांजणात कोंडले, तोंड लिंपले, भट्टीवर चढवले. मेल्यावर हळूच उघडून पाहिले, जीव बाहेर पडताना दिसतो का? दिसला नाही. पुरावा मागणे योग्यच होते. पण प्रयोग पायासीचा आणि जीव दुसऱ्याचा! बुद्धी होती, करुणा नव्हती.

पुढे या लोकायत विचाराचे ग्रंथ नाहीसे झाले. कर्ज काढून तूप पिणारे, अशी त्यांची बदनामी विरोधकांनी लिहून ठेवली आणि आपण तीच खरी मानली. जयराशीचा 'तत्त्वोपप्लवसिंह' हा त्या परंपरेशी जोडला जाणारा ग्रंथ तेवढा वाचला. त्याची पोथी 1926 साली गुजरातेत पाटणला सापडली, 1940 साली बडोद्याला छापली गेली. मराठीत आ. ह. साळुंखे यांनी 'आस्तिकशिरोमणी चार्वाक' लिहून ही बदनामी खोडून काढली. ते पुस्तक घराघरात असावे.

भगवान बुद्धांनी यज्ञ नाकारला, आत्मा नाकारला, पण शील सोडले नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हेच समजावले आहे. 1956 साली नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध-पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे, तशीच चोरी न करण्याची, खोटे न बोलण्याची आणि दारू न पिण्याचीही आहे. आपण पहिली पाळतो आणि बाकीच्या विसरतो, हे खरे नाही का?

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कापूस बुडाला की कास्तकाराला नशीब सांगणारे पुष्कळ भेटतात. भाव आणि व्याज मात्र माणसेच ठरवतात. कारण शोधा, पुरावा मागा, हे अजिताकडून घेऊ. आणि माणसाचे दुःख विसरू नका, हे भगवंतांकडून.

त्या सोबत्याला आता आम्ही सांगतो, "बाबा, आईला आम्ही जिवंतपणी सांभाळले. त्याला नास्तिक म्हणत असशील तर खुशाल म्हण."

नमो बुद्धाय! जयभीम!