कैसरचा बसलेला आवाज

जानेवारी १८८७. जर्मनीचे युवराज फ्रेडरिक यांचा आवाज बसला आणि काही केल्या खुलेना. मार्चमध्ये बर्लिनचे प्राध्यापक गेरहार्ट यांनी घशात आरसा धरून पाहिले, तर डाव्या स्वरतंतूवर छोटी गाठ होती. आरशाची ही युक्ती तेव्हा अवघी ३३ वर्षांची. १८५४ मध्ये गायनशिक्षक मानुएल गार्सिया यांनी पॅरिसमध्ये दंतवैद्याचा आरसा आणि सूर्यप्रकाश यांच्या मदतीने स्वतःचेच स्वरतंतू हलताना पाहिले होते.

गेरहार्ट यांनी तापलेल्या तारेने गाठ जाळली; ती पुन्हा वाढली. मे महिन्यात शल्यविशारद बर्गमान गळा बाहेरून उघडून ती काढायला सज्ज झाले. पण लंडनहून बोलावलेल्या मोरेल मॅकेन्झी यांनी आधी तुकडा तपासून घेण्याचा आग्रह धरला. तुकडा रुडॉल्फ फिर्खो यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली गेला. त्यात कर्करोग दिसला नाही, आणि शस्त्रक्रिया रद्द झाली.

नोव्हेंबरमध्ये सान रेमो येथे कर्करोगाचे निदान पक्के झाले. फेब्रुवारीत श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडावे लागले. ९ मार्च १८८८ रोजी फ्रेडरिक कैसर झाले ते मुके होऊनच. ९९ दिवसांनी, १५ जूनला, ते गेले.

दोन्ही देशांचे डॉक्टर पुढे एकमेकांवर पुस्तके लिहून तुटून पडले. पण गाठ नेमकी किती पुढे गेली आहे, हे सांगणारे सर्वमान्य मोजमाप त्या वेळी कोणाकडेच नव्हते. ते फ्रान्सच्या पिएर दनुआ यांनी १९४३ ते १९५२ या काळात घडवले: टीएनएम पद्धत. यातला ‘टी’ म्हणजे मूळ गाठीचा विस्तार.

स्वरतंतूच्या बाबतीत तिचा कणा म्हणजे गार्सियांनी पाहिलेली ती हालचाल. गाठ तंतूपुरतीच आणि तंतू मोकळा हलतो, तर टी-१. एकाच तंतूवर असेल तर ‘ए’, दोन्हींवर असेल तर ‘बी’. गाठ वर किंवा खाली पसरली, अथवा तंतूची हालचाल मंदावली, की टी-२. तंतू जखडला, की टी-३.

टी-१ मध्ये रेडिएशनने शंभरपैकी सुमारे नव्वद रुग्णांची गाठ कायमची आटोक्यात येते. टी-२ मध्ये हे प्रमाण सत्तर-ऐंशीवर येते. स्वरतंतूंत लसिकावाहिन्या फार थोड्या, म्हणून सुरुवातीचा रोग मानेतल्या लसिकाग्रंथींपर्यंत क्वचितच पोहोचतो. शिवाय तंतूवरची इवलीशी गाठही आवाज बिघडवते, त्यामुळे रोग लवकर हाती लागू शकतो. तीन आठवड्यांनंतरही आवाज बसलेलाच असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्र तपासून घ्यायला हवे. अशा वेळी सापडलेली गाठ आज तोंडावाटे लेझरनेही काढता येते, गळ्यावर चीर न देता.