इतकं साधं?

आपण नातलगांना बारशाचे, लग्नाचे फोटो क्षणात धाडतो. पण त्यामागे असलेल्या नासिर अहमद यांचं नाव किती जणांना ठाऊक असतं?

१९४० साली बंगळूरमध्ये जन्मलेले हे गृहस्थ अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत. चित्रातली माहिती कोसाइन लहरींत मांडून आटवता येईल, असा त्यांचा कयास. १९७२ मध्ये त्यांनी नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे प्रस्ताव पाठवला. नामंजूर! कारण काय, तर कल्पना फारच साधी... गडी थांबला नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत जानेवारी १९७४ मध्ये निबंध छापून आणला.

१९९२ च्या जेपेग मानकाचा पाया तोच. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे, प्रत्येकाच्या लहरी करायच्या आणि डोळ्यांना फारशा न जाणवणाऱ्या बारीक लहरी ढोबळ करून टाकायच्या. फाइल बरेचदा दहाव्या हिश्श्यावर येते. जागा वाचते, पाठवायला लागणारी वीजही.

गंमत अशी, की ती कल्पना इतकी टिकली ती साधी होती म्हणूनच. साधेपणा हा दोष कधीपासून झाला? 'हे काय, इतकं साधं!' म्हणत आपणही घरात, कचेरीत किती जणांना गप्प केलं असेल, कोण जाणे. प्रत्येकजण काही नासिरभाईंइतका चिवट नसतो.