अमेरिकेतील बंदुकीचा कायदा आणि मतदाराचे पत्र

आपल्या लोकप्रतिनिधीला पत्र लिहून काही होते काय, हा प्रश्न कामगारांच्या सभांतून आम्हांला नेहमी विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा तयार असते. ज्याच्या पैशावर निवडणूक लढवली जाते त्याचे काम होते. आपले पत्र केराच्या टोपलीत जाते. हे उत्तर अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे उत्तर साफ खोट्याहून अधिक घातक असते, कारण ते माणसाला घरी बसवते. म्हणून या प्रश्नाचा निकाल आज आपण इतिहासाकडून घेऊ. त्यासाठी आम्ही अमेरिकेतील बंदुकीच्या कायद्याचा इतिहास निवडला आहे. पैसा आणि पत्र यांची इतकी लांब आणि इतकी उघड झुंज दुसऱ्या कायद्याभोवती क्वचितच झाली असेल.

आरंभ १७९१ सालापासून करावा लागतो. त्या साली अमेरिकेच्या राज्यघटनेला पहिल्या दहा दुरुस्त्या जोडल्या गेल्या. पहिल्या दुरुस्तीत भाषणाच्या व मुद्रणाच्या स्वातंत्र्याबरोबर आणखी एक हक्क आहे: आपले गाऱ्हाणे घेऊन सरकारकडे अर्ज करण्याचा. दुसऱ्या दुरुस्तीत शस्त्र बाळगण्याचा हक्क आहे, आणि त्याच वाक्यात सुनियंत्रित नागरी सेनेचा उल्लेख आहे. या उल्लेखाचा अर्थ काय, याचा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालला. २००८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी हा हक्क व्यक्तीचा असल्याचे ठरवले. मात्र त्यावर कायद्याची बंधने असू शकतात हेही त्याच निकालात म्हटले. आपल्याकडे १८७८ च्या कायद्याने परक्या सरकारने आपल्याला निःशस्त्र केले, आणि राष्ट्रसभेने आपल्या आरंभीच्या अधिवेशनांतूनच त्याविरुद्ध ठराव केले. स्वराज्यात १९५९ चा कायदा झाला तोही परवान्याचाच. त्यामुळे बंदुकीला परवाना हवा हे आपल्याला स्वाभाविक वाटते. अमेरिकेतल्या पुष्कळ शेतकऱ्यांना आणि शिकाऱ्यांना ते तसे वाटत नाही, आणि त्यांतले बहुतेक लोक कोणाचे विकत घेतलेले नाहीत. हे ध्यानात ठेवले नाही तर पुढचा इतिहास समजणार नाही.

या झुंजीतील मुख्य संस्था म्हणजे नॅशनल रायफल असोसिएशन. १८७१ साली उत्तरेकडील सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी ती न्यूयॉर्क राज्यात स्थापन केली. यादवी युद्धात आपल्या शिपायांना नीट नेम धरता येत नव्हता, ही त्यांची तक्रार. नेमबाजीचे शिक्षण हा संस्थेचा हेतू. राजकारणाशी तिचा संबंध बराच उशिरा आला. १९२९ साली शिकागोत टोळीवाल्यांनी सात माणसे भिंतीशी उभी करून मारली. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या काळात ॲटर्नी जनरल होमर कमिंग्ज यांनी मशिनगनबरोबर पिस्तुलांचीही नोंदणी करणारे विधेयक आणले. संस्थेने आपल्या सभासदांना हाक दिली, आणि पत्रांचा व तारांचा मारा सुरू झाला. १९३४ साली कायदा झाला तेव्हा मशिनगनवर २०० डॉलर कर बसला. थॉम्प्सन मशिनगनची किंमतच साधारण तेवढी होती. पिस्तूल मात्र कायद्यातून गळले. ज्या हत्याराने गल्लीबोळांत माणसे मरत होती ते सुटले, आणि ते सोडवणारे साधन होते तिकीट लावलेला लिफाफा. संस्थेकडे त्या वेळी निवडणुकीत उधळायला काही निधी नव्हता.

दुसरा टप्पा १९६३ चा. कनेक्टिकटचे सेनेटर थॉमस डॉड यांनी त्या वर्षी टपालाने पिस्तुले मागवण्यावर बंधन घालणारे विधेयक आणले होते. कनेक्टिकट म्हणजे कोल्ट आणि विंचेस्टर यांच्या कारखान्यांचे राज्य. तेव्हा हे काम सोपे नव्हते. विधेयक समितीत पडून असतानाच २२ नोव्हेंबर १९६३ रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा खून झाला. खुन्याची इटालियन रायफल शिकागोच्या एका दुकानातून खोट्या नावाने टपालाने मागवलेली होती. दुर्बिणीसकट किंमत १९ डॉलर ९५ सेंट. तिची जाहिरात रायफल असोसिएशनच्याच मासिकात छापून येत असे. डॉड यांनी मग रायफलींचाही समावेश केला. असोसिएशनचे तेव्हाचे मुख्य अधिकारी फ्रँकलिन ऑर्थ यांनी समितीपुढे टपालविक्रीवरील बंधनाला संमतीही दर्शवली. परंतु सभासद त्याहून कडवे निघाले. १९६५ साली संस्थेने लाखो सभासदांना पत्रके धाडली, वॉशिंग्टनला विरोधाच्या पत्रांचा ओघ लागला, आणि विधेयक अडकले.

ते सुटायला आणखी दोन खून पडावे लागले. ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांचा, आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांचा. त्या जूनमध्ये प्रथमच पत्रांचा पूर उलट दिशेने आला; कायदा करा, असे हजारो लोकांनी लिहिले. २२ ऑक्टोबर १९६८ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी सही केली. टपालाने बंदूक विकणे थांबले, शिक्षा झालेल्या गुन्हेगाराला विक्री बंद झाली. पण जॉन्सन यांना हवी होती ती प्रत्येक बंदुकीची नोंदणी आणि बाळगणाऱ्याचा परवाना. दोन्ही मिळाले नाहीत, आणि याला बंदूकवाल्यांचा दबावगट कारण आहे असे त्यांनी सही करतानाच स्पष्ट सांगितले. पूर ओसरला होता. पाट मात्र वाहत होता. १९७० साली नोंदणीचा आग्रह धरणारे मेरीलंडचे सेनेटर जोसेफ टायडिंग्ज निवडणूक हरले. त्याला कारणे आणखीही असतील. पण श्रेय बंदूकवाल्यांनी घेतले, आणि प्रत्येक सेनेटरने त्यातून धडा घेतला. डॉडही त्याच वर्षी हरले. निवडणुकीचा पैसा खाजगी खर्चाला वापरला म्हणून १९६७ साली सेनेटने त्यांची निर्भर्त्सना केली होती. पैशाचा रोग एकाच बाजूला जडतो असे नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

पैसा खऱ्या अर्थाने रंगणात उतरला तो यानंतर. १९७५ साली असोसिएशनने कायदेविषयक कामाची स्वतंत्र शाखा काढली आणि पाठोपाठ निवडणूक निधी उभारला. १९७७ साली सिनसिनाटीच्या अधिवेशनात कडव्या सभासदांनी रात्रभर चाललेल्या सभेत जुन्या पदाधिकाऱ्यांना दूर करून संस्था ताब्यात घेतली. या निवडणूक निधीचे मूळ आम्हां कामगार कार्यकर्त्यांना विचार करायला लावणारे आहे. कंपन्यांनी उमेदवाराला थेट पैसे देणे अमेरिकेत १९०७ सालीच निषिद्ध झाले होते. १९४३ साली तीच बंदी कामगार संघटनांवर आली. तेव्हा तेथील सी. आय. ओ. या कामगार महासंघाने सिडनी हिलमन यांच्या नेतृत्वाखाली वेगळी राजकीय समिती काढली, आणि संघटनेच्या तिजोरीला हात न लावता सभासदांच्या स्वेच्छेच्या वर्गणीवर ती चालवली. हत्यार कामगारांनी घडवले. पुढे ते प्रत्येक धंद्याने उचलले, बंदुकीच्या धंद्यानेही.

हा पैसा काम कसे करतो? १९७४ च्या कायद्याने अशा समितीला एका उमेदवाराला एका निवडणुकीस ५,००० डॉलरच देता येतात. एवढ्यासाठी कोणी सेनेटर आपले मत विकत नाही. मोठा पैसा उमेदवाराच्या हाती न देता त्याच्या बाजूने किंवा त्याच्याविरुद्ध स्वतंत्र प्रचारावर ओतला जातो. अशा प्रचारावर कंपन्यांनी व संघटनांनी करायच्या खर्चाला सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली पूर्ण मोकळीक दिली. २०१६ च्या निवडणुकीत असोसिएशनने ट्रम्प यांच्यासाठी ३ कोटींहून अधिक डॉलर खर्च केले. शिवाय शाळेतल्या मुलांसारखी ती प्रत्येक प्रतिनिधीला श्रेणी देते. पैशाने मत विकत मिळते असे म्हणण्यापेक्षा पैशाने भीती पोसली जाते असे म्हणणे अधिक खरे. शिवाय कोणता विषय कामकाजात यावा आणि कोणता येऊ नये, हेही तो ठरवू पाहतो. १९९६ साली रोगनियंत्रण केंद्राच्या निधीतून नेमके २६ लाख डॉलर कापले गेले. बंदुकीच्या जखमांच्या संशोधनावर आदल्या वर्षी तेवढाच खर्च झाला होता. ज्यांच्या नावे ही तरतूद ओळखली जाते त्या जे डिकी यांनी पुढे २०१२ साली जाहीरपणे मत बदलले. पण पैसे परत मिळायला २०१९ साल उजाडले. २००५ साली कायदा झाला की, बंदुकीचा कोणी गुन्ह्यासाठी वापर केला तर त्याबद्दल कारखानदारावर सहसा दावा लावता येणार नाही. असे संरक्षण फार थोड्या धंद्यांना आहे.

मग सगळा खेळ कारखानदाराचाच का? येथे इतिहास आपल्याला थांबवतो. मार्च २००० मध्ये स्मिथ अँड वेसन या जुन्या कंपनीने सरकारशी करार करून सुरक्षेच्या काही अटी मान्य केल्या. गिऱ्हाइकांनी तिच्यावर बहिष्कार घातला. विक्री कोसळली, कामगारांची कपात झाली, आणि २००१ साली ही कंपनी अवघ्या दीड कोटी डॉलरांत विकली गेली. कारखानदाराला वाकवणारे गिऱ्हाईक तेथे होते. आणखी पुरावा अलीकडचा. असोसिएशनचे अनेक वर्षांचे प्रमुख वेन लापिएर यांनी जानेवारी २०२४ मध्ये राजीनामा दिला. संस्थेचा पैसा स्वतःच्या चैनीवर उडवल्याचे पुढच्या महिन्यात ज्यूरीने मान्य करून ४० लाखांहून अधिक डॉलर परत करायला सांगितले. संस्था खिळखिळी झाली, तरी कायदा एका रात्रीत बदलला नाही. कारण तिजोरीच्या मागे मतदार आहे. तो या एकाच प्रश्नावर मत देतो, वर्षभर पत्र लिहितो, फोन करतो, आणि विसरत नाही.

दुसऱ्या बाजूचे लोक बहुधा शोकानंतर लिहितात. १४ डिसेंबर २०१२ रोजी कनेक्टिकटमधील न्यूटाउनच्या प्राथमिक शाळेत २० मुले आणि ६ मोठी माणसे मारली गेली. बंदूक-व्यवसायाची मध्यवर्ती संस्था तेव्हा त्याच गावात होती. जाहिरातीवरून आणि प्रदर्शनांतून होणाऱ्या विक्रीतही गिऱ्हाइकाची पूर्वतपासणी व्हावी असे विधेयक आले. जनमत चाचण्यांत दहांपैकी जवळजवळ नऊ जण तपासणीच्या बाजूचे होते. १७ एप्रिल २०१३ रोजी सेनेटमध्ये ५४ मते बाजूने, ४६ विरुद्ध पडली. लागत होती ६०, आणि विधेयक पडले.

पण जेथे चिकाटी होती तेथे फळही मिळाले. १९८१ साली राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावरील हल्ल्यात त्यांचे सचिव जेम्स ब्रेडी कायमचे अपंग झाले. ते आणि त्यांची पत्नी सारा यांनी प्रतिनिधींची दारे झिजवली. १९८७ साली मांडलेले विधेयक सहा वर्षे चिवटपणे लावून धरले, आणि १९९३ साली परवानाधारक दुकानातील विक्रीपूर्वी तपासणीचा कायदा झाला. फेब्रुवारी २०१८ मध्ये फ्लोरिडातील पार्कलँडच्या शाळेत १७ जण मेले. आठवड्याच्या आत विद्यार्थी गाड्या भरून राज्याच्या राजधानीत गेले आणि आमदारांना समोरासमोर भेटले. ज्या राज्यपालांना असोसिएशनची वरची श्रेणी होती त्यांनीच ९ मार्चला सही करून खरेदीचे वय २१ वर नेले. २०२२ साली टेक्ससमधील युव्हॅल्डी येथे १९ मुले व २ शिक्षिका मारल्या गेल्यावर २५ जूनला केंद्रीय कायदा झाला. २१ वर्षांखालील गिऱ्हाइकाची तपासणी अधिक कडक झाली. तोकडा असेल, पण सुमारे तीस वर्षांत एवढा महत्त्वाचा केंद्रीय कायदा झाला नव्हता. न्यूटाउननंतर मातांच्या संघटना गावोगाव उभ्या राहिल्या होत्या; त्यांचे दहा वर्षांचे काम त्यामागे होते. त्यांच्या बाजूलाही मोठा पैसा आला आहे. मायकेल ब्लूमबर्ग या धनिकाने २०१४ साली ५ कोटी डॉलर जाहीर केले. मदत घ्यावी, परंतु एका माणसाच्या पाकिटावर उभी राहिलेली चळवळ त्या पाकिटाबरोबर मिटू शकते, हे आम्ही संघटनेच्या अनुभवाने सांगतो.

पत्राचेही एक शास्त्र आहे. प्रतिनिधीच्या कचेरीत आधी पत्ता पाहतात. पत्र मतदारसंघातले नसेल तर त्याची गणती होत नाही. छापील मजकुराच्या शंभर प्रतींहून स्वतःच्या शब्दांतले एक पत्र, ज्यात विधेयकाचे नाव आणि नेमकी मागणी आहे, अधिक वजनदार ठरते. २००१ साली टपालातून विषारी भुकटी पाठवली गेल्यापासून वॉशिंग्टनची पत्रे तपासून उशिरा पोचतात. म्हणून तेथे आता फोनला महत्त्व आले आहे. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे मतदानानंतरचे दुसरे पत्र: आपण कसे मत दिले हे आम्ही पाहिले आहे, असे सांगणारे. बंदूकवाले ते नेमाने लिहितात.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. १९५७ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे एका मोठ्या पोलाद कंपनीचा अर्ज आला. राजकीय पक्षांना देणगी देण्याची मुभा तिला हवी होती. कायद्यात आडकाठी नाही म्हणून मुख्य न्यायाधीश छगला यांनी ती दिली, पण यात लोकशाहीला धोका आहे असा इशाराही दिला. १९६९ साली अशा देणग्यांवर बंदी आली, १९८५ साली ती उठली. निनावी देणग्यांचे निवडणूक रोखे १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले, तेव्हा कोणी कोणाला किती दिले ते लोकांना वाचता आले. देणाऱ्याचे नाव कळणे ही पहिली पायरी. नाव कळल्यावर प्रतिनिधीला त्याचा जाब विचारणारे पत्र गेले पाहिजे, ही दुसरी. आणि ती आपल्यालाच चढायची आहे.

संघटनेत आम्ही एक गोष्ट शिकलो. मोर्चा एका दिवसाचा असतो, वर्गणी दर महिन्याची. मोर्चाला हजार माणसे येतात आणि मालक खिडकी लावून घेतो. वर्गणीची पावती दर महिन्याला फाटते, आणि तिला मालक भितो. अमेरिकेच्या या इतिहासात बंदूकवाल्यांनी वर्गणीसारखे पत्र लिहिले, इतरांनी मोर्चासारखे. आणि ज्यांनी आपली रीत बदलली त्यांना यश आले. १७९१ च्या घटनेतले की आपल्या घटनेतले, अर्ज करण्याचे हक्क कागदावर सारखेच दिसतात. कसदार होतात ते वापराने. तेव्हा, श्रोतेहो, आपल्या आमदाराचा पत्ता ठाऊक नसेल तर तो आज विचारून घ्या. पहिले पत्र लिहा, आणि उत्तर आले नाही तर महिन्याने दुसरे लिहा.