नाणेघाट ते पैठण गेट : रस्त्याच्या मोलाचा इतिहास (थ्रेड)

१/ छत्रपती संभाजीनगरच्या पैठण गेटपासून गुलमंडीकडे सायंकाळी जाऊन पाहा. मोटारी, रिक्षा, हातगाड्या आणि पादचारी एकाच अरुंद रस्त्यासाठी झगडत असतात. जुन्या शहरात रस्ता रुंद करायला जागा नाही. मग अपुऱ्या रस्त्याचे मोल कोणी आणि किती द्यावे? हा प्रश्न नवा वाटतो, परंतु आपल्या भूमीत तो दोन हजार वर्षे जुना आहे.

२/ या दरवाजातून निघणारी वाट पैठणला, म्हणजे सातवाहनांच्या प्रतिष्ठानला जाते. प्रतिष्ठानचा व्यापार जुन्नरमार्गे नाणेघाट उतरून कोकणातील बंदरांशी जोडलेला होता. घाटमाथ्यावर आजही एक दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकली जात, असे परंपरा सांगते.

३/ असा कर कसा आकारावा, याचा विचार कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे. रस्त्याच्या कराला तेथे ‘वर्तनी’ म्हटले आहे. मालाच्या गाडीला सव्वा पण, घोड्यासारख्या एकखुरी जनावराला एक पण, तर खांद्यावर ओझे वाहणाऱ्याला केवळ एक माषक, म्हणजे पणाचा सोळावा भाग. जो रस्ता अधिक व्यापतो, त्याने अधिक द्यावे, हे तत्त्व त्यातून दिसते.

४/ त्याच नियमाची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. कर घेणाऱ्या अंतपालाने वाटेत हरवलेल्या वा चोरीस गेलेल्या मालाची भरपाईही करावयाची होती. म्हणजे कर घेतला की सेवेचे उत्तरदायित्वही आले.

५/ हे उत्तरदायित्व सुटले की काय होते? मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेल्या खडकीला पुढे ज्याचे नाव मिळाले, त्या औरंगजेबाने राज्यारोहणानंतर लवकरच ‘राहदारी’ हा रस्त्यावरील कर माफ केला. धान्य स्वस्त व्हावे, हा हेतू होता. तथापि अनेक जहागीरदारांनी वसुली चालूच ठेवली, असे इतिहासकार खाफीखान नोंदवतो. माफी कागदावर राहिली. भार वाटसरूच्या माथी.

६/ करामुळे लोकांचे वर्तन बदलते, हे ओळखणारे उदाहरण स्वराज्यात सापडते. पोर्तुगीजांच्या ताब्यातील बारदेशचे मीठ स्वस्त पडू लागल्याने व्यापारी तिकडे वळत होते. १६७१ मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सरसुभेदारास पत्र पाठवून त्या मिठावर जबर जकात बसवण्यास सांगितले. खजिना भरण्याहून मोठा हेतू येथे होता : व्यापाऱ्यांची वाट बदलावी आणि कोकणातील मीठ उत्पादक तगावा.

७/ आधुनिक ‘गर्दी आकार’ याच तर्कावर उभा आहे. १९७५ मध्ये सिंगापूरने शहराच्या गजबजलेल्या भागात सकाळी येणाऱ्या मोटारींना दिवसाला ३ डॉलरचा परवाना लावला. बसला तो नव्हता. चार किंवा अधिक माणसे असलेल्या मोटारीलाही नव्हता. चारपेक्षा कमी माणसांनी पूर्ण मोटारीची जागा अडवली, तर मोल द्यायचे.

८/ लंडनने १७ फेब्रुवारी २००३ रोजी दिवसाला ५ पौंड आकार सुरू केला आणि निव्वळ उत्पन्न वाहतुकीवरच खर्च करण्याचे कायदेशीर बंधन घातले. स्टॉकहोमने २००६ मध्ये सात महिने प्रयोग केला. वाहने सुमारे एक पंचमांशाने घटली. प्रयोग संपताच ती पुन्हा वाढली. नंतर शहरवासीयांनी सार्वमतात आकाराच्या बाजूने कौल दिला आणि २००७ पासून तो कायम झाला.

९/ आपल्याकडचा टोल वेगळा. मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवरील टोल उड्डाणपुलांचा खर्च वसूल करण्यासाठी होता. गर्दीच्या वेळेशी त्याचा संबंध नव्हता. ऑक्टोबर २०२४ मध्ये हलक्या वाहनांना तो माफ झाला. मोटारधारकास दिलासा मिळाला, परंतु रस्त्यावरील जागेचे मोल कोणी द्यावे, हा प्रश्न तसाच राहिला.

१०/ कारण गर्दीचे मोल आजही वसूल होतेच. कोंडीत अडकलेल्या बसमधले चाळीस प्रवासी ते वेळेने चुकवतात. चौकात दिवसभर उभा असलेला हातगाडीवाला ते धुराने भरलेल्या श्वासाने चुकवतो. ज्याने रस्ता सर्वांत कमी व्यापला, त्याच्याकडून सर्वाधिक घेतले जाते. कौटिल्याचा माषक येथे नेमका उलटा झाला आहे.

११/ संभाजीनगरात जानेवारी २०१९ मध्ये ‘माझी स्मार्ट बस’ सुरू झाली. उद्या येथे गर्दी आकाराचा विचार झालाच, तर इतिहासाच्या दोन कसोट्या हाताशी असाव्यात. खांद्यावर ओझे वाहणाऱ्यावर भार सर्वांत कमी पडतो का? आणि घेतलेला पैसा त्याच रस्त्यावर बस, पदपथ व स्वच्छ हवा होऊन परत येतो का?

१२/ पहिल्या कसोटीवर जो आकार उतरत नाही, तो अन्याय. दुसऱ्या कसोटीवर जो उतरत नाही, ती नव्या नावाची राहदारी.