आजोबांची ३१५

आज बंदुकीचा इतिहास, पण घरातला. मंचरला आमच्या आजोबांकडे ३१५ बोअरची रायफल होती, बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यातली. साध्या शिकाऱ्याला परवडायची ती हीच. पण ३१५च का? इंग्रजांचं सैन्य ३०३ वापरायचं, ती गोळी लोकांच्या हाती जायला नको होती. म्हणून बोल्टची रचना ली-एनफिल्डचीच ठेवली आणि काडतूस घेतलं ऑस्ट्रियाच्या जुन्या मॅनलिखरचं.

जुनी रायफल पारखताना आजोबा लाकडाच्या पॉलिशकडे बघायचेच नाहीत. आधी ती रिकामी आहे ना याची खात्री, मग बोल्ट काढून नळीतून आभाळाकडे बघायचं. आतले पीळ चकचकीत हवेत. खड्डे दिसले की सौदा बंद! तेव्हाच्या काडतुसांची टोपी उडाली की नळीत क्षार उरायचे. ते तेलाने निघत नाहीत, उकळत्या पाण्याने निघतात. म्हणजे खड्डे हा कारखान्याचा नाही, मालकाच्या आळसाचा पुरावा. (आमच्या कोड रिव्ह्यूसारखंच की!)

१९७२ला वन्यजीव कायदा आला, शिकारीवर कडक बंधनं आली. आजोबांनी रायफल जमा केली. आता जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्या राहतो, त्याला कायद्याचं संरक्षण आहे. रात्रीच्या लाइटीला मोटार चालू करायला निघताना काका अजून म्हणतात, "नानांची ती रायफल हवी होती रे." मी नुसता बॅटरी घेऊन त्यांच्यासोबत जातो.