वादळाचा माग : पश्चिम किनारपट्टीवरील चक्रीवादळांच्या इशाऱ्यांचा इतिहास आणि खानदेश

प्रस्तावना :

चक्रीवादळ हा विषय निघाला की महाराष्ट्राच्या अभ्यासकांची दृष्टी साहजिकच कोकणाकडे वळते. सह्याद्रीच्या पूर्वेस, तापी-पांझरेच्या खोऱ्यात वसलेल्या धुळे-जळगाव जिल्ह्यांचा समुद्राशी थेट संबंध नाही. तथापि, ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळलेले 'निसर्ग' चक्रीवादळ किनाऱ्यावर थांबले नाही. दुबळे होत, घाट ओलांडून ते ईशान्येकडे उत्तर महाराष्ट्रात आले व पुढे विदर्भ-मध्य प्रदेशाच्या दिशेने निघून गेले. यामुळे वादळाचा मार्ग शोधण्याचा इतिहास केवळ किनारपट्टीचा इतिहास राहत नाही. किनाऱ्यावरील माणसाला वादळाची वार्ता कशी मिळत गेली, बदलत्या मार्गाने ती वार्ता वेळोवेळी कशी चुकविली आणि हा इतिहास खानदेशाला काय सांगतो, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करण्यात आला आहे.

पूर्वपीठिका :

यंत्रे येण्यापूर्वी कोळी, खारवी, गाबीत, दालदी आदी समाजांचे हवामानज्ञान हे अनुभवातून आलेले होते. जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा व समुद्रावरून येणारा खारा वारा यांच्या नित्यक्रमावर होड्यांचे जाणे-येणे अवलंबून असे. हा क्रम मोडला, वारा नसताना लांबून उंच लाटा येऊ लागल्या किंवा आभाळाचा रंग बदलला की तांडेल होडी किनाऱ्याला घेत असे. हे ज्ञान मोलाचे होते. परंतु त्यातून वादळ जवळ आल्याचे समजे, ते कोणत्या दिशेला जाईल हे समजत नसे. १ व २ नोव्हेंबर १८५४ च्या वादळाने मुंबई बंदरात काही तासांत सुमारे १,००० माणसांचा बळी घेतल्याचे जुन्या नोंदी सांगतात. त्या वेळी कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून नियमित निरीक्षणे होत होती. वायुभारमापक यंत्र पारा उतरल्याचे दाखवी, परंतु एका ठिकाणच्या पाऱ्यावरून वादळाचा मार्ग ठरविता येत नव्हता.

वादळाचे शास्त्र :

कलकत्त्यातील हेन्री पिडिंग्टन यांनी १८४८ मध्ये खलाशांसाठी लिहिलेल्या ग्रंथात 'सायक्लोन' ही संज्ञा रूढ केली. सर्पाच्या वेटोळ्याचा अर्थ सुचविणाऱ्या ग्रीक शब्दावरून ती घेतली आहे. उत्तर गोलार्धात या वादळातील वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. म्हणून वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिल्यास वादळाचे केंद्र साधारणतः डाव्या हाताला असते. या साध्या नियमामुळे भर समुद्रातील कप्तानाला केंद्राची दिशा अजमावता येऊ लागली.

याच नियमातून पश्चिम किनाऱ्याबाबत एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. पश्चिमेकडून येणारे वादळ जेथे किनारा ओलांडते, त्याच्या उत्तरेस वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तर दक्षिणेस तो समुद्राकडून जमिनीकडे वाहतो व पाणी किनाऱ्यावर लोटतो. त्यामुळे मार्ग थोडासा उत्तरेस वा दक्षिणेस सरकला तरी एका गावाचे संकट दुसऱ्या गावावर जाते. किनाऱ्यावरील रहिवाशाला 'वादळ येणार का' इतकेच कळून भागत नाही. ते 'आपल्या कोणत्या बाजूने जाणार' हेही कळावे लागते.

बावट्यांची व्यवस्था :

१८६४ च्या ऑक्टोबरमधील कलकत्त्याच्या भीषण वादळानंतर तेथील बंदरासाठी इशाऱ्यांची व्यवस्था सुरू झाली. १८७५ मध्ये भारतीय हवामान खात्याची स्थापना झाली. १८८० मध्ये मुंबई, रत्नागिरी, वेंगुर्ले, कारवार आदी पश्चिम किनाऱ्यावरील बंदरे या व्यवस्थेत आली. या प्रगतीचा खरा आधार तारायंत्र होता. दूरदूरच्या ठिकाणांचे वायुभार व वारे एकाच दिवशी एका नकाशावर मांडता येऊ लागले आणि वादळाचा माग ही कल्पना प्रथमच प्रत्यक्षात आली.

बंदरावर दिवसा बावटे व रात्री दिवे लावून इशारा देण्याची पद्धत पुढे सर्व बंदरांत एकसारखी करण्यात आली. या पद्धतीत १ ते ११ असे क्रमांक आहेत. पाचव्या क्रमांकाचा अर्थ वादळ बंदराला आपल्या डाव्या बाजूस ठेवून जाईल असा, सहाव्याचा अर्थ उजव्या बाजूस ठेवून जाईल असा, तर सातव्याचा अर्थ ते बंदरावरून किंवा अगदी जवळून जाईल असा होतो. अर्थात, धोक्याच्या तीव्रतेबरोबर मार्गाची बाजूही या खुणांत सांगितलेली असते. कोकणात 'तीन नंबरचा बावटा लागला' हे वाक्य सर्वांच्या परिचयाचे झाले, ते याच व्यवस्थेमुळे.

मात्र या व्यवस्थेची मर्यादाही स्पष्ट होती. बावटा बंदरातल्या माणसालाच दिसे. ८ नोव्हेंबर १८८८ रोजी कच्छमधील मांडवीहून मुंबईकडे निघालेली, 'वीजळी' या नावाने लोकस्मृतीत राहिलेली 'वैतरणा' आगबोट वादळात सापडून प्रवाशांसह नाहीशी झाली. बंदर सोडलेल्या जहाजाला पुढे वार्ता पोहोचविण्याचे साधन तेव्हा नव्हते. बिनतारी संदेश, आकाशवाणी व उपग्रह यांनी ही उणीव क्रमाने कमी केली. १९८३ पासून इन्सॅट मालिकेतील उपग्रहांची छायाचित्रे उपलब्ध होऊ लागली.

बदलता मार्ग : चार अलीकडील उदाहरणे :

(१) फयान (२००९) : लक्षद्वीपच्या परिसरात तयार झालेले हे वादळ प्रथम वायव्येकडे गेले, नंतर ईशान्येकडे वळले आणि ११ नोव्हेंबरला अलिबाग ते मुंबई यांच्या दरम्यान जमिनीवर आले. नोव्हेंबर हा मासेमारीचा ऐन हंगाम असल्याने कोकणातील अनेक होड्या समुद्रात होत्या व मच्छीमारांची मोठी हानी झाली. इशारा तयार होण्याचा वेग व तो होडीपर्यंत पोहोचण्याचा वेग यांतील अंतर या घटनेने उघड केले. त्याच वर्षाच्या अखेरीस हवामान खात्याने संभाव्य मार्गाभोवती अनिश्चिततेचा शंकू दाखविण्यास सुरुवात केली.

(२) क्यार (२०१९) : ऑक्टोबरमध्ये रत्नागिरीच्या पश्चिमेस आलेले हे वादळ आधी किनाऱ्याच्या दिशेने सरकले आणि नंतर पश्चिमेकडे वळून खोल समुद्रात गेले.

(३) निसर्ग (२०२०) : हरिहरेश्वर ते दमण अशा विस्तृत पट्ट्यात वादळ येईल, असा आरंभीचा अंदाज होता. पुढील निवेदनांत हा पट्टा अलिबागच्या परिसरापर्यंत अरुंद होत गेला. ३ जून रोजी दुपारी अलिबागच्या दक्षिणेस ताशी सुमारे ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यासह वादळ किनाऱ्यावर आले. मुंबई बचावली, श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, मंडणगड व दापोली या तालुक्यांतील नारळी-पोफळीच्या बागा मात्र भुईसपाट झाल्या.

(४) तौक्ते (२०२१) : हे वादळ महाराष्ट्राच्या किनाऱ्याला समांतर जाऊन १७ मेच्या रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर आले. ते महाराष्ट्रात जमिनीवर आले नाही, तरीही मुंबईनजीकच्या तेलक्षेत्रात 'पी-३०५' हा तराफा बुडून ७० हून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. नकाशावरील रेघ म्हणजे संपूर्ण वादळ नव्हे, हा या घटनेचा धडा होय.

खानदेशाच्या दृष्टीने :

समुद्राच्या उबदार बाष्पावर पोसलेले वादळ जमिनीवर येताच दुबळे होते. परंतु त्यातील पाऊस लगेच संपत नाही. तापी खोरे पूर्व-पश्चिम पसरलेले आहे. अरबी समुद्रातून ईशान्येकडे वळलेली वादळे जशी या प्रदेशावर येतात, तसे बंगालच्या उपसागरातील कमी दाबाचे पट्टेही मध्य भारत ओलांडून येथे पोहोचतात. सप्टेंबर १८७२ मध्ये गिरणा व पांझरा या नद्यांना आलेला महापूर खानदेशच्या इतिहासात नमूद आहे. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या वरच्या खोऱ्यात झालेल्या अतिवृष्टीचे पाणी उकाई धरणातून सुरत शहरात शिरले. येथे क्रम उलटा झालेला दिसतो. किनाऱ्यावरील शहराचे संकट समुद्राकडून न येता वरच्या खोऱ्यातून आले.

कोकणातील मच्छीमाराजवळ पिढ्यान्‌पिढ्यांचे निरीक्षण आणि बावट्याची भाषा आहे. रावेर-यावलच्या केळी उत्पादकाजवळ किंवा उघड्यावर कांदा साठविणाऱ्या साक्री तालुक्यातील शेतकऱ्याजवळ वादळाच्या इशाऱ्याची अशी परंपरा नाही. वाऱ्यापुढे केळीची बाग उभी राहत नाही, हे तो जाणतो. पण रायगडला आदळणारे वादळ आपल्या शिवारात काही तासांनी येऊ शकते, याची त्याला सवय नाही. हवामान खात्याच्या चार टप्प्यांच्या पद्धतीत वादळ जमिनीवर आल्यानंतरच्या मार्गाचा स्वतंत्र टप्पा आहे. तो अंतर्गत जिल्ह्यांसाठीच आहे, आणि सार्वजनिक चर्चेत सर्वांत कमी लक्ष त्याच्याकडेच जाते.

निष्कर्ष :

१) वादळाचा माग हे एका ठिकाणचे ज्ञान नसून अनेक ठिकाणच्या नोंदी वेळेवर एकत्र येण्यातून घडलेले ज्ञान आहे.

२) १८८८ व २००९ या दोन्ही वेळी खरी उणीव इशारा समुद्रातील माणसापर्यंत पोहोचण्यात होती.

३) अंदाजातील मार्ग बदलणे हे शास्त्राचे अपयश नव्हे. नव्या निरीक्षणांबरोबर तो सुधारला जातो. म्हणून पहिल्या बातमीवर विसंबून निर्धास्त होणे धोक्याचे ठरते.

४) किनारा हा वादळाच्या मार्गावरील एक टप्पा आहे. खानदेशातील महाविद्यालयांच्या इतिहास व भूगोल विभागांनी पांझरा, गिरणा व तापी यांच्या पुरांच्या स्थानिक नोंदी, ग्रामपंचायतींची दप्तरे व वृद्धांच्या आठवणी संकलित करून त्या वादळांच्या मार्गांशी ताडून पाहिल्यास या प्रदेशाचा आजवर अलिखित राहिलेला हवामान-इतिहास उभा राहू शकेल. पुढचे वादळ घाट ओलांडून येईल तेव्हा त्याचा उपयोग केवळ अभ्यासकांपुरता राहणार नाही.